एका बरणीवर वर्ष काढू नये

आमच्या कपाटाच्या तिसऱ्या खणात बंद पडलेली मनगटी घड्याळे, कुठल्या कुलपाच्या आहेत हे घरात कुणालाच ठाऊक नसलेल्या किल्ल्या आणि माझे तीन जुने चष्मे एकत्र कुटुंबपद्धतीने नांदतात. त्यांच्यातच एक काळी डबी आहे. पत्त्यांचे दोन कॅट एकावर एक ठेवले तर जेवढे होतील तेवढी. एका बाजूला निरनिराळ्या आकारांच्या चार-पाच फटी, वर बोटाच्या पेराएवढा पडदा आणि एकच बटण. परवा नातवाने ती बाहेर काढली.

“आजोबा, हा रेडिओ आहे का?”

“नाही रे. ही फोटो ठेवायची डबी.”

“फोटो? ते तर फोनमध्ये असतात.”

“तेव्हा फोनमध्ये फक्त फोन असायचा,” मी म्हणालो.

नातू निघून गेला, पण मी डबी हातात धरून बसून राहिलो. पानिपतावर कपाट भरेल इतकी पुस्तके निघाली. पण प्रवासात कॅमेरा भरला, जवळ संगणक नाही, आता यातले फोटो काढून ठेवायचे कुठे, या प्रश्नाशी माणसाने पंचवीस-तीस वर्षे जी झुंज दिली तिची बखर कुणी लिहिली नाही. ती लिहायला मी पात्र आहे असे मला वाटते. कारण त्या लढाईत मी कामी आलेला आहे.

आमच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. घरात आग्फा क्लिक-३ नावाचा डबा-कॅमेरा होता. त्याच्या रोळात फोटो बारा. बारा म्हणजे बारा. त्यामुळे वडील, म्हणजे नाना, फोटो काढताना एखादी जमीन विकत घ्यावी तसा विचार करीत. ऊन कुठून येते, कोण कुणाच्या मागे उभे आहे, कुणाचे डोळे मिटतात, सगळे पाहून झाल्यावर “हं, श्वास धरा” म्हणत. तो श्वास आम्ही इतका वेळ धरीत असू की त्या काळच्या सगळ्या फोटोंत आमचे कुटुंब नुकतेच पाण्यातून वर काढल्यासारखे दिसते.

रोळ धुऊन आला की स्टुडिओवाला एक पाकीट देई. त्यात फोटो आणि फोटोंच्या मागे निगेटिव्ह. फोटो पाहुण्यांत हिंडत. कुणी मागून नेई, कुणी न मागता नेई. पण निगेटिव्हला हात लावायची कुणाची प्राज्ञा नव्हती. ती आईच्या लोखंडी ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांच्या शेजारी. फोटो हरवला तरी निगेटिव्हवरून दुसरा करता येई. म्हणजे फिल्मच्या काळात प्रत्येक फोटो जन्मतःच जुळा होता. एक गावभर भटकणारा आणि एक घरात बसणारा. ही सोय किती मोठी होती हे ती गेल्यावर कळले.

अर्थात जुळे होते म्हणून सगळेच जगले असेही नाही. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ आज अखंड पाहायला मिळत नाही. त्या काळची नायट्रेट फिल्म ही फिल्म कमी आणि दारूगोळा जास्त. पुण्यात २००३ च्या जानेवारीत अशा जुन्या फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि कितीतरी दुर्मीळ रिळे जळाली. पण तो अपघात. डिजिटल कॅमेऱ्याने मात्र जुळ्यातला घरात बसणारा भाऊच काढून टाकला.

हा कॅमेरा जन्मला १९७५ साली, अमेरिकेत, कोडॅक कंपनीच्या रोचेस्टर येथील प्रयोगशाळेत. स्टीव्हन सॅसन नावाच्या चोविशी-पंचविशीतल्या इंजिनिअरने तो जुळवला. आकार टोस्टरएवढा, वजन ३.६ किलो, आणि फोटो १०० गुणिले १०० ठिपक्यांचा, काळापांढरा. एक फोटो साठवायला २३ सेकंद लागत. आणि साठवायचा कशावर? आपण ज्यावर नाट्यगीते ऐकायचो त्या कॅसेटवर! एका कॅसेटवर किती फोटो ठेवायचे हे ठरवताना सॅसनने तीस हा आकडा धरला. बाजारातल्या रोळात चोवीस किंवा छत्तीस फोटो असत, त्यांच्या मधला. लग्नाच्या बैठकीत देण्याघेण्याचा आकडा ठरतो तसाच हा ठरला म्हणायचा.

पहिला फोटो प्रयोगशाळेतल्या एका मुलीचा घेतला. कॅसेट वाचून तो टीव्हीवर उमटायला पुन्हा तेवढाच वेळ लागला. उमटला तेव्हा केस दिसत होते, मागची भिंत दिसत होती, पण चेहऱ्याच्या जागी नुसता गोंधळ. तारा उलट्या जोडल्या गेल्या होत्या. त्या बदलल्यावर चेहरा आला. हा प्रसंग वाचकांनी लक्षात ठेवावा. मला तो पुढे लागणार आहे.

यानंतर १९९१ साली कोडॅकने वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांसाठी डिजिटल कॅमेरा विकायला काढला. कॅमेऱ्याचे शरीर निकॉन एफ-३ चे, आणि फोटो ठेवायला २०० एमबीची हार्ड डिस्क. ही डिस्क कॅमेऱ्यात मावत नव्हती म्हणून वेगळ्या पेटीत घालून पेटी खांद्याला अडकवायची आणि पेटीतून कॅमेऱ्याला वायर. पेटीवर एक छोटा पडदाही होता. १५६ फोटो मावत. कॅमेऱ्याची किंमत वीस हजार डॉलरांच्या घरात. खांद्याला पेटी आणि पेटीला वायर असे छायाचित्रकार त्या वेळी तारखात्यातले लाइनमन दिसत असतील. पण माझ्या बखरीत या पेटीचे स्थान मोठे आहे. संगणक घरी ठेवून फोटो बरोबर वाहून नेण्याची ही सुरुवात. आमच्या तिसऱ्या खणातल्या डबीची ही पणजी.

मग १९९४ साली कॉम्पॅक्ट फ्लॅश नावाची वडी आली. तिच्या पाठोपाठ स्मार्ट मीडिया, मेमरी स्टिक, एसडी, एक्सडी असे नाना आकारांचे तुकडे निघाले. एकाचा दुसऱ्यात बसेल तर शपथ. प्रत्येक कंपनीची जात निराळी आणि रोटीबेटी व्यवहार बंद. सोनीने १९९७ साली ‘मॅव्हिका’ कॅमेऱ्यात सरळ संगणकाची फ्लॉपीच घातली. १.४४ एमबीची. फ्लॉपी भरली की काढायची, दुसरी घालायची. पानाच्या ठेल्यावर मिळाव्या इतक्या फ्लॉप्या तेव्हा स्वस्त होत्या. कॅमेऱ्याचे पोट फ्लॉपीएवढे रुंद करावे लागले, त्यामुळे तो कॅमेरा कमी आणि डबा जास्त दिसे. पण विचार सरळ होता. मला तर तो फार आवडला असता. पण आमच्याकडे तेव्हा क्लिक-३ होता, आणि तो चालत होता. चालणारी वस्तू बदलायची पद्धत आमच्या घरात नाही.

२००५ साली परदेशातून चिरंजीव आले आणि त्यांनी माझ्या हातात डिजिटल कॅमेरा ठेवला. बरोबर २५६ एमबीची दोन कार्डे. एकेका कार्डात एकशेतीस फोटो.

“बाबा, आता रोळ नाही, धुलाई नाही. काढत सुटा,” चिरंजीव म्हणाले.

बारा फोटोंवर वाढलेल्या माणसाला एकशेतीस फोटो देणे म्हणजे उपासाच्या माणसाला बुफेत सोडणे. मी काढत सुटलो. हिचे पोळ्या लाटतानाचे एकवीस फोटो काढले तेव्हा ही म्हणाली, “अहो, पोळी सगळ्यांत सारखीच दिसतेय. एवढं कशाला?” पण मी थांबलो नाही. कार्ड भरले की भाच्याकडे जायचे, त्याच्या संगणकात रिकामे करायचे आणि पुन्हा सुरू. सगळे सुरळीत चालले होते. मग आईने चारधाम काढला.

आईचे वय तेव्हा शहात्तर. नानांची ही यात्रा दर वर्षी ठरायची आणि दर वर्षी राहायची. एक वर्ष बदली, एक वर्ष ताईचे लग्न, एक वर्ष सिमेंटचा भाव. नाना गेले आणि यात्रा राहिली. “आता मला घेऊन चल,” आई म्हणाली, “आणि ह्यांनाही घेऊ.” ह्यांना म्हणजे नानांचा १९६२ सालचा स्टुडिओतला पोस्टकार्डाएवढा फोटो. तो तिने ट्रंकेतून काढून पिशवीत ठेवला.

यात्रा पंधरा दिवसांची. कार्डे दोन. फोटो दोनशे साठ. भाचा आणि त्याचा संगणक पुण्यात. मी हिशेब केला आणि मला घाम फुटला.

आता चाणाक्ष वाचक म्हणेल, कॅमेऱ्याला एखादी डिस्क वायरने जोडा आणि फोटो इकडून तिकडे ओता. मलाही तसेच वाटले होते. पण त्यात मेख आहे, आणि ती समजायला मला भाच्याची दोन संध्याकाळ शिकवणी लागली. यूएसबी नावाची जी जोडणी १९९६ साली आली तिचा नियम असा की, दोघांपैकी एक यजमान आणि दुसरा पाहुणा. यजमानाने विचारायचे, पाहुण्याने उत्तर द्यायचे. पाहुणा आपणहून तोंड उघडत नाही. संगणक हा कायमचा यजमान. कॅमेरा पाहुणा आणि डिस्कही पाहुणी. दोघांना एकमेकांना जोडले, तर मंगल कार्यालयात दोन पक्ष येऊन बसावेत आणि दोन्ही मुलाकडचेच निघावेत तशी अवस्था. पाणी विचारणार कोण? दोघेही पाय पसरून मानपानाची वाट पाहत बसतात. प्रसंगी मुलाकडचे आणि प्रसंगी मुलीकडचे होता येईल अशी तडजोड २००१ साली निघाली होती. ‘ऑन द गो’ तिचे नाव. पण आमच्या कॅमेऱ्यापर्यंत ते आमंत्रण पोचले नव्हते.

यावर उपाय म्हणून जगात निराळ्या डब्या निघाल्या होत्या. त्यांच्या पोटात लॅपटॉपात असते तसली अडीच इंची हार्ड डिस्क, आणि शेजारी यजमानपद सांभाळणारी एक लहानशी चिप. कार्ड फटीत घाला, बटण दाबा, चिप कार्डाला विचारते, डिस्कला सांगते, सोयरीक जुळते. २००० च्या सुमारास अमेरिकेत ‘डिजिटल वॉलेट’ नावाची अशी डबी निघाली. २००४ साली एप्सनने पी-२००० काढली. ४० जीबीची, आणि फोटो तिथल्या तिथे पाहता यावेत म्हणून चांगला रंगीत पडदा असलेली. त्याच वर्षी निकॉनची ‘कूलवॉकर’ आली. गाणी ऐकायच्या आयपॉडलाही लोकांनी या कामाला जुंपले. २००३ साली त्याला जोडायचा कार्ड-वाचक निघाला आणि २००५ साली कॅमेराच जोडायचा तुकडा ॲपलने विकायला काढला. भाच्याने ही सगळी नावे सांगितली आणि मग किमती सांगितल्या. किमती ऐकून मी पुन्हा क्लिक-३ कडे वळणार होतो. शेवटी भाचा मुंबईला लॅमिंग्टन रोडला गेला आणि साडेसहा हजारांत ही काळी डबी घेऊन आला. डबीवर नाव नव्हते. आतल्या चाळीस जीबीच्या डिस्कलाही बहुधा आपण कोणाच्या हे माहीत नव्हते.

मी डबी आईला दाखवली. “आई, यात वीस हजार फोटो मावतात.”

आईने ती हातात घेतली, उलटीसुलटी केली. “मावतील रे. पण एकच का आणलीस?”

“एक पुरते. वीस हजार म्हणतोय ना मी!”

“अरे, मोठी आहे म्हणून काय झालं? एका बरणीवर वर्ष काढू नये.”

इथे आईच्या लोणच्याबद्दल सांगणे भाग आहे. आई दर वैशाखात कैरीचे लोणचे घाली, पण एका बरणीत कधीच भरीत नसे. एक चिनी मातीची बरणी स्वयंपाकघरात, रोजच्या हाताची. दुसरी काचेची, वर दादरा बांधून माळ्यावर. आणि तिसरी, तीही चिनी मातीचीच, दुसऱ्या आळीत अक्काच्या घरी. अक्का म्हणजे आईची थोरली बहीण. कुणाचा ओला हात लागला, बुरशी आली, मांजराने पाडली, तरी एक बरणी शाबूत. “आणि घरच जळालं तर?” असे मी लहानपणी शहाणपणाने विचारले होते. आई म्हणाली होती, “म्हणून तर एक अक्काकडे.”

पण डिजिटल युगातल्या माणसाने लोणच्याच्या बरणीकडून काय शिकायचे? आम्ही एका डबीवर निघालो.

यमुनोत्री झाली, गंगोत्री झाली. रोज रात्री धर्मशाळेत मी डबी काढी, कार्ड घाली, बटण दाबी. डबी आतून ‘कुर्रर्र’ करी आणि पडद्यावर टक्के चढत. आमच्या बसमधली मंडळी भोवती जमत. एका नागपूरच्या गृहस्थांनी तर “आमचेही घ्या ना यात चार फोटो” म्हणून विनंती केली. पिठाच्या गिरणीत शेजाऱ्याचा डबा ठेवून घ्यावा तसे मी त्यांचेही कार्ड दळून दिले. कॅमेरे आपल्या फोटोंना नाव ठेवताना चार अक्षरे आणि चार आकडे एवढेच वापरतात. आळीत चार बाळू असावेत तसे एकाच नावाचे फोटो दोन कार्डांत सहज निघतात. पण डबी हुशार. प्रत्येक कार्डाला ती नवा कप्पा करी. माझा बाळू माझ्या घरात, त्यांचा त्यांच्या.

गौरीकुंडाहून केदारनाथ तेव्हा चौदा किलोमीटर. आई डोलीत, मी आणि ही पायी, आणि आमच्या भोवती खेचरे. खेचर हा प्राणी मी तोपर्यंत इतक्या जवळून पाहिला नव्हता. मी खेचरांचे पस्तीस फोटो काढले. वर पोचलो तेव्हा ऊन पडले होते, देवळामागे बर्फाचे डोंगर झळझळत होते. आई डोलीतून उतरली, पदर सारखा केला, पिशवीतून नानांचा फोटो काढून छातीशी धरला आणि हसली. पुढचे दोन दात पडल्यापासून आई फोटोसाठी हसत नसे. त्या दिवशी हसली.

मी बटण दाबले. कॅमेरा म्हणाला, कार्ड भरले.

दुसरे कार्ड पिशवीच्या तळाशी. आईचे हसू राहील का मी पिशवी उपसून होईपर्यंत? मी घाईघाईने मागे गेलो, खेचरांचे दोन फोटो पुसले आणि त्या जागेत आईचा फोटो घेतला. “श्वास धरू का रे?” तिने विचारले. तेवढ्यात फोटो निघालाही होता.

रात्री धर्मशाळेत कमालीची थंडी. दोन रजयांत बसून मी डबीत कार्ड घातले. ‘कुर्रर्र’ झाले, मग एक ‘टक्’, मग पुन्हा ‘कुर्रर्र’. पडदा म्हणाला, शंभर टक्के. मी कार्ड कॅमेऱ्यात घालून साफ पुसले, आणि बद्रीनाथला त्यावर वीस-बावीस नवे फोटो काढले. पुढे उरलेली यात्रा दुसऱ्या कार्डावर झाली.

पुण्याला आल्यावर भाच्याच्या संगणकाला डबी लावली. यमुनोत्री आली. गंगोत्री आली. नागपूरकरांचे कुटुंबही आले. केदारनाथचा कप्पा उघडला, तर आत एकशेतीस नावे होती आणि एकही फोटो नव्हता. नावावर टिचकी मारली की संगणक म्हणे, ही फाईल उघडता येत नाही. चाळीत दारांवर पाट्या सगळ्यांच्या असाव्यात आणि आत एकही बिऱ्हाड नसावे तसा प्रकार.

“मामा, केदारनाथ किती उंच?” भाच्याने विचारले.

“साडेतीन हजार मीटरच्या वर. का?”

भाच्याने कपाळाला हात लावला. हार्ड डिस्कमध्ये तबकडी गरगर फिरते आणि वाचणारे डोके तिला टेकत नाही. मध्ये हवेचा पातळ पदर असतो, त्यावर ते तरंगते. वर हवा विरळ, पदर पातळ, तरंगणे अवघड. म्हणून या डिस्का साधारण तीन हजार मीटरपर्यंतच चालवाव्या असे बनवणारे लिहून ठेवतात. आमचे नेमके उंचीमुळेच बिनसले, की थंडीत बॅटरी दमली, की डबीच मुळात कच्ची, ते शेवटपर्यंत ठरले नाही. पण एक ठरले. शंभर टक्के म्हणजे डबीने काम संपवले. काम झाले की नाही हे तिने पाहिलेच नव्हते. चांगल्या डब्या लिहिलेले पुन्हा वाचून मुळाशी ताडून पाहत. आमची डबी परीक्षेत पेपर लिहून न वाचता उठणाऱ्या मुलांपैकी होती. आणि मीही कार्ड पुसण्याआधी एखादा फोटो उघडून पाहिला नव्हता.

आई रोज संध्याकाळी विचारी, “आला का रे केदारनाथचा फोटो? अक्काला दाखवायचाय.” मी सांगे, “छापायला दिलाय.” पहिल्या आठवड्यात “गर्दी आहे”, दुसऱ्यात “कागद संपलाय”, तिसऱ्यात “त्याच्या घरी सुतक आहे”. त्या नसलेल्या स्टुडिओवाल्याच्या घरी मी महिन्याभरात एवढी संकटे आणली की आईने त्याच्यासाठी लाडू करून देऊ का विचारले.

त्या दिवसांत भाच्याने माझ्या समाधानासाठी एक हकिकत सांगितली. पुढे २००९ साली नासानेच तिच्यावर अहवाल काढला. माणूस चंद्रावर उतरला १९६९ साली. त्या प्रक्षेपणाच्या मूळ चुंबकीय फिती नासाने पुढे पुसून पुन्हा वापरल्या! दूरदर्शनवाल्यांकडे प्रती होत्या म्हणून आपल्याला ते दृश्य आज दिसते. मला जरा बरे वाटले. खेचरांवर आणि चंद्रावर सारखाच प्रसंग आला होता. फरक एवढाच की चंद्राची एक बरणी अक्काकडे होती.

शेवटी भाच्याने ओळखीचा एक मुलगा आणला. विशीतला, एका कानात वाळी. त्याने डबीकडे पाहिलेही नाही. “कार्ड द्या,” म्हणाला.

“कार्ड मी साफ पुसलंय.”

“काका, तुम्ही अनुक्रमणिका पुसलीय. पुस्तक असतं आत.”

हे वाक्य मी सोन्याच्या अक्षरांत लिहून ठेवायला हवे होते. कार्ड असे पुसले की कोणता फोटो कुठे ठेवला ही यादी जाते. फोटो जागच्या जागी असतात, जोवर वरून दुसरे काही लिहिले जात नाही तोवर. मी बद्रीनाथचे बावीस फोटो लिहिले होते. ते कार्डाच्या आरंभी बसले आणि आरंभीचे बावीस बळी गेले. त्यांत बस, बसचा ड्रायव्हर आणि चहाची टपरी होती. त्यांच्यासाठी कुणी रडले नाही. बाकीचे शंभराच्या वर परत आले. तेहतीस खेचरे परत आली. खेचरे मरत नाहीत हे मी त्या दिवशी शिकलो.

आणि आईचा फोटो अर्धा आला.

कारण सरळ होते. कार्ड भरलेले असताना मी दोन खेचरे पुसून जागा केली होती. ती दोन एकमेकांशेजारची नव्हती. आईचा फोटो एका खेचराच्या जागेत मावला नाही, तेव्हा कॅमेऱ्याने वरचा भाग पहिल्या खेचराच्या जागेत ठेवला आणि उरलेला दुसऱ्याच्या. दोन्ही तुकड्यांची सांगड यादीत होती आणि यादी मी पुसली होती. त्या मुलाने रात्रभर खटपट केली. वरचा तुकडा सापडला, खालचा जुळला नाही.

फोटोत देवळाचा कळस होता, मागे बर्फ होते, आईचा चेहरा होता, दोन दात नसलेले हसू होते. हनुवटीच्या खाली करड्या रंगाचा सपाट पट्टा. हात नाहीत, पाय नाहीत, हातातले नाना नाहीत. १९७५ साली त्या मुलीचे केस आले होते आणि चेहरा गेला होता. माझ्या वाट्याला चेहरा आला. तिथे तारा बदलून काम झाले. माझ्याकडे बदलायला तारा नव्हत्या.

तो फोटो छापून मी आईपुढे ठेवला आणि सगळे कबूल केले. स्टुडिओवाला, त्याचे सुतक, सगळे. आईने चष्मा लावला, बराच वेळ पाहिले. मला वाटले, आता बोलणार. बोलली, पण निराळेच.

“मी आले की रे. चांगली आलेय.”

“पण नाना गेले ना आई त्यात.”

“नाना कुठे जातायत? त्यांची काच आहे ट्रंकेत.” आई निगेटिव्हला काच म्हणे. तिच्या माहेरी अजून काचेच्या पट्ट्यांवरचे फोटो होते, तेव्हापासूनची सवय. मग जरा थांबून म्हणाली, “तुझी डबी वाईट नाही रे. एकटी होती बिचारी.”

आई २००८ साली गेली. २०१३ च्या १६ आणि १७ जूनला केदारनाथला मंदाकिनीचा लोंढा आला. देऊळ उभे राहिले, पण भोवतीची वस्ती वाहून गेली. कितीतरी माणसे गेली. आम्ही ज्या धर्मशाळेत दोन रजयांत बसलो होतो तीही बातम्यांतल्या चित्रांत मला दिसली नाही. जी वाट आई डोलीतून चढली ती वाटही बरीच नाहीशी झाली, नवी काढावी लागली. आता त्या दिवसाचे माझ्यापाशी आहे ते एवढेच. शंभरेक फोटो, त्यांतली तेहतीस खेचरे आणि एक हनुवटीपर्यंतची आई.

माझ्या बखरीचा शेवट लढाईच्या बखरीसारखा नाही. त्या डब्यांना कुणी हरवले नाही. त्या नुसत्या लागेनाशा झाल्या. कार्डे मोठी झाली, एकात यात्राच काय वनवास मावेल इतकी. चांगल्या कॅमेऱ्यांत कार्डांच्या दोन फटी आल्या आणि फोटो एकदम दोन्हीकडे लिहिला जाऊ लागला, म्हणजे जुळे परत जन्माला आले. फोन स्वतःच यजमान झाले. २०११ साली अँड्रॉइडला ते पद मिळाले, आयफोनला बाहेरची डिस्क २०१९ पासून चालू लागली. डिस्कांतली फिरती तबकडी जाऊन नुसत्या चिपा आल्या, त्यांना डोकेच नाही, त्यामुळे हवा विरळ झाली तरी त्यांचे डोके टेकत नाही. आज कुणी केदारनाथला गेला तर फोन, अंगठ्याएवढी डिस्क आणि वीतभर वायर एवढ्यावर काम होते. संगणक तिथेही नको आणि घरीही नको.

आणि पीटर क्रोग नावाच्या अमेरिकी छायाचित्रकाराच्या नावाने एक नियम आता जगभर सांगतात. भाच्याने मोठ्या अभिमानाने मला तो ऐकवला. प्रत्येक फोटोच्या तीन प्रती ठेवाव्या. दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवाव्या. आणि एक प्रत घराबाहेर ठेवावी. मी बोटे मोजली. बरण्या तीन. चिनी माती आणि काच, प्रकार दोन. आणि एक अक्काकडे. मी भाच्याला म्हटले, “हा नियम कैरीचा आहे.” त्याला कळले नाही. त्याने लोणचे कायम पाकिटातले खाल्लेले.

परवा नातवाला मी हे सगळे सांगितले. त्याने तो फोटो माझ्या फोनमध्ये पाहिला.

“आजोबा, हा अर्धाच आहे. मी पुरा करून देऊ? आता एआयला सांगितलं की खालचं सगळं बनवून देतो. हात, साडी, डोली, सगळं.”

“हात कुणाचे येतील?”

तो जरा विचारात पडला. “कुणाचे तरी येतील. पण दिसतील पणजीसारखे.”

“आणि हातातला फोटो?”

“त्यात पण कुणीतरी येईल.”

“मग राहू दे,” मी म्हणालो. “नानांची काच आहे ट्रंकेत.”

त्याने वाद घातला नाही. बसल्या बसल्या त्याने तो अर्धा फोटो तीन ठिकाणी भरला. एक माझ्या फोनमध्ये, एक डिस्कवर, आणि एक अक्काच्या नातीकडे पाठवला, दुसऱ्या आळीत. तिघांनीही उघडून पाहिला. मग मी काळी डबी उचलून परत खणात ठेवली, चष्म्यांच्या शेजारी. एकटी नको म्हणून.